ही वाटी आपली की शेजारच्यांची?

संक्रांत ते रथसप्तमी. कल्याणच्या एखाद्या सोसायटीत हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्यांचं वाण लुटलं, की मजल्यावरच्या सगळ्या घरांत तीच वाटी. पुढे कधी खीर घेऊन ती शेजारी जाते आणि रिकामी परत करायची नाही म्हणून शिरा घेऊन घरी येते. पण आलेली आपलीच कशावरून?

उत्तर काठाखाली, टिंबाटिंबांनी कोरलेलं: नाव आणि तारीख. माळ्यावरची जुनी भांडी उतरवली की मी आधी काठ वाचते. वंशावळीत जागा न मिळालेल्या आत्या-मावश्या पातेल्याच्या काठावर मात्र नावानिशी, सालासकट भेटतात. म्हणून अशी भांडी मोडीत घालायला माझा जीव होत नाही.

नाव नसेल तर कान लावा. काशाची वाटी आणि पितळेची वाटी लांबून बहिणी-बहिणी वाटतात. टिचकी मारा. काशात साधारण 78 टक्के तांबं आणि 22 टक्के कथील; त्याचा नाद लांबत जातो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ते लवकर गप्प होतं. तूप लावून तळपाय घासायची ती काशाची.

पितळेची कल्हई उडाली असेल तर आमटी, ताक कळकतं आणि जीभच चुगली करते. कल्हईचं कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं, त्यामुळे कल्हईवाल्याला रस्त्याकडेची छोटी भट्टी पुरते.

स्टीलसाठी अनेक जण चुंबक काढतात. चिकटलं नाही तर माल चांगला, हा समज अर्धाच खरा. निकेल जास्त असलेलं 304 चिकटत नाही, पण मँगनीज घालून स्वस्त केलेलं 202 सुद्धा चिकटत नाही!

तांब्याच्या हंड्यावरचे ठोके बोटांनी ओळखावेत. कल्याण जंक्शनहून एक फाटा कसाऱ्यावरून नाशिकला जातो, दुसरा कर्जतवरून पुण्याला, आणि तांबटांचं काम दोन्हीकडे नावाजलेलं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीच आहे. तिथल्या मठारकामात हातोडीचा प्रत्येक ठोका शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा पडतो, पत्रा त्याने कडक होतो आणि चकाकतो. साच्यात दाबलेले ठसे सगळे एकसारखे.

धातू ओळखण्यातला हा घोळ कल्याणला नवा नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मसने ‘कल्लियाना’ बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कापड, लाकूड आणि ‘खाल्कोस’ नोंदवलं. मॅक्रिंडलच्या 1897 च्या इंग्रजी भाषांतरात त्याचं तांबं झालं. मूळ ग्रीक शब्दात तांबंही बसतं, कासंही आणि पितळही. भाषांतरकाराला टिचकी मारून बघायची सोय कुठे होती!