पोर्ट उघडं आहे का? मिळणारं उत्तर नीट वाचा

लॅबच्या सर्व्हरवर तुम्ही ज्युपिटर नोटबुक सुरू केलं. सर्व्हर म्हणतो चालू आहे. पण हॉस्टेलवरून ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर पान नुसतं गोल गोल फिरतंय. संशोधनाच्या पहिल्या वर्षात हे कधी ना कधी होणारच. अशा वेळी बरेच जण आधी 'पिंग' करून बघतात आणि उत्तर आलं नाही की सर्व्हरच बंद आहे असं ठरवून मोकळे होतात. पण पिंग वापरतं आयसीएमपी, त्यात पोर्ट ही भानगडच नसते. शिवाय अनेक संस्थांच्या फायरवॉल पिंग मुद्दाम अडवतात.

आपला प्रश्न नेमका हवा: या मशीनवरून, त्या मशीनच्या, अमुक पोर्टवर जोडणी होते का? प्रत्येक मशीनवर टीसीपीची ६५,५३५ पोर्टं वापरता येतात. एसएसएच सहसा २२ वर, एचटीटीपीएस ४४३ वर आणि ज्युपिटर ८८८८ वर असतं. तपासायला लिनक्स किंवा मॅकवर नेटकॅट पुरतं, विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' आहे.

ही साधनं 'सिन' नावाचं एक छोटं पॅकेट पाठवतात आणि वाट बघतात. समोरून 'सिन-ॲक' आलं तर पोर्ट उघडं. 'रीसेट' आलं तर स्क्रीनवर लगेच 'कनेक्शन रिफ्युज्ड' दिसतं. आणि काहीच आलं नाही तर बऱ्याच वेळाने 'टाइम आउट' होतं.

नवीन माणूस शेवटच्या दोन्हींना 'चालत नाही' म्हणतो. इथेच दिवस वाया जातो. नकार आला म्हणजे बहुतेक वेळा तुमचं पॅकेट मशीनपर्यंत पोहोचलं, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नव्हतं. म्हणजे रस्ता ठीक आहे, सर्व्हरवर जाऊन बघा. शांतता असेल तर पॅकेट वाटेतच कोणीतरी टाकून दिलं, बहुधा फायरवॉलने, किंवा मशीनच बंद आहे. वरच्या उदाहरणात पान फिरत राहिलं, म्हणजे नोटबुकच्या सेटिंगमध्ये तासभर डोकं घालण्याआधी फायरवॉलकडे बघायला हवं.

नकार आलाच, तर सर्व्हरवर 'एसएस' ही कमांड चालवून कोणता प्रोग्रॅम कुठे ऐकतोय ते बघा. पत्ता १२७.०.०.१ दिसला तर तो फक्त त्याच मशीनवरून आलेल्या जोडण्या घेतो. ज्युपिटर मुळात असंच सुरू होतं, आणि ते बरोबरच आहे.

आता मोह होतो: पत्ता ०.०.०.० करा, फायरवॉल उघडा, काम फत्ते! थांबा. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि जागेवर बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी ठेवली गेली. त्यात कुणी मोठी हुशारी केली नव्हती. २७०१७ हे पोर्ट सगळ्या इंटरनेटला उघडं होतं आणि पासवर्ड नव्हता, एवढंच. ज्युपिटरची गोष्ट तर आणखी नाजूक, कारण त्यात शिरलेला माणूस थेट कोड चालवू शकतो. तुमचा तीन वर्षांचा डेटा त्याच डिस्कवर असतो. त्यापेक्षा ८८८८ बाहेरून बंदच ठेवा आणि एसएसएच टनेलमधून वापरा.

डॉकर वापरत असाल तर जास्त सावध राहा. डॉकरने बाहेर काढलेलं पोर्ट उबुंटूच्या 'यूएफडब्ल्यू' फायरवॉलला वळसा घालून जाऊ शकतं. फायरवॉलची यादी म्हणते बंद, प्रत्यक्षात उघडं. म्हणून तपासणी बाहेरूनही करायची. कॅम्पसच्या वायफायवरून एकदा, मोबाइलच्या डेटावरून एकदा. दोन उत्तरं वेगळी आली तर दोन्ही खरी असतात.

पुढे पोर्ट-स्कॅनवरच संशोधन करायचं असेल तर 'उघडं पोर्ट सापडलं नाही' हे वाक्य जपून लिहा. एनमॅपला काही सांगितलं नाही तर ते टीसीपीची नेहमीची १,००० पोर्टंच बघतं. यूडीपीमध्ये तर उघडं पोर्टसुद्धा गप्प बसू शकतं, म्हणून एनमॅप तिथे 'उघडं किंवा अडवलेलं' असं दुहेरी उत्तर देतं. तुमच्या तक्त्यातही ते तसंच यायला हवं, सोयीचं अर्धं नको.

आणि परवानगी. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झीमॅप आणलं, तेव्हा एका मशीनवरून आयपीव्ही४ चा सगळा सार्वजनिक पसारा एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो हे दाखवलं. पण त्याच शोधनिबंधात आपल्या नेटवर्क व्यवस्थापकांशी आधी बोला, स्कॅनचा हेतू जाहीर करा, ज्यांना नको त्यांना वगळा, हेही लिहिलं आहे. आपल्याकडे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ आहेत. स्कॅन म्हणजे शिरणं नव्हे, हा युक्तिवाद संस्थेच्या चौकशी समितीपुढे करायची वेळ कशाला आणायची? संगणक केंद्राला आधी ईमेल करा, त्यात तारीख, वेळ आणि आयपी पत्ते लिहा, लेखी होकार येऊ द्या. तोवर सरावाला स्वतःचा लॅपटॉप आहे, किंवा एनमॅपवाल्यांनी थोड्याफार स्कॅनसाठी मुद्दाम खुलं ठेवलेलं 'स्कॅनमी' नावाचं मशीन.