भरल्या ट्रॉलीची वाट

दिवाळी सरता सरता जुन्नर-आंबेगावच्या शिवारात ऊसतोड टोळ्या उतरतात. ओझरच्या गणपतीचे नाव धारण केलेला निवृत्तीनगरचा श्री विघ्नहर सहकारी साखर कारखाना आणि आंबेगावातला भीमाशंकर कारखाना यांच्या वाटांवर मग उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. तोडलेला ऊस थांबवून ठेवता येत नाही. दिवस उलटला की वजन घटते, साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे रस्ता कसाही असो, भरलेली ट्रॉली निघावीच लागते.

तिची खरी कसोटी डांबरी रस्त्याआधीच लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांच्या पाण्याने इथे ऊस वाढला. पण काळ्या रानाला पाणी लागले की चिकणमाती फुगते आणि चाकाखाली घसरते. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला, ऐन हंगामात, या भागात अवकाळी पाऊस झाला. असा पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत रानात चाक घालणे कठीण होते.

हिशेब साधा आहे. भरलेली ट्रॉली दहा टनांची धरू. सपाट डांबरावर ती ओढायला साधारण दीडशे ते दोनशे किलोंची ओढ लागते. शंभर फुटांत पाच फूट चढ आला की तिच्यात पाचशे किलोंची भर पडते. मऊ, ओल्या रानात मात्र चाक रुतते आणि सपाटीवरही हजार किलोंची ओढ पुरत नाही. दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना चिखलात तेवढी पकडच मिळत नाही. इंजिनात ताकद असूनही चाके जागीच गरगरतात.

इथे ट्रॉलीची घडण महत्त्वाची ठरते. दोनचाकी ट्रॉली आपला थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते. मागच्या चाकांना पकड मिळते, पण चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलण्याची भीती वाढते. चारचाकी ट्रॉली आपले सगळे ओझे स्वतःच्याच चाकांवर पेलते. हुकावर येते ती फक्त ओढ. म्हणून जाणता चालक रानातून दोन ट्रॉल्या एकदम काढत नाही. एकेक बांधापर्यंत आणतो, चाकाखाली पाचट टाकतो, गरज पडली तर पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडतो आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावरच दोन्ही एकामागे एक अडकवतो.

चढापेक्षा उतार अधिक घातक. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. दोन ट्रॉल्यांचे वीस टनांचे ओझे मागून रेटत असते आणि थांबवायचे काम एकट्या ट्रॅक्टरवर येते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा लागतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक-पेडल वेगळे असतात, कारण शेतात जागेवर वळायला ते लागतात. रस्त्यावर येताना त्यांच्यामधली छोटी लोखंडी पट्टी अडकवायची राहिली, तर एकाच चाकाला ब्रेक लागतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. वळणावरही मागची ट्रॉली आतल्या अंगाने येते; म्हणून चालक आधी बाहेरून जागा घेतो. दोन चारचाकी ट्रॉल्या जोडल्यावर मागे घेणे जवळजवळ अशक्यच.

हा पेच जुना आहे. फ्रान्सच्या शार्ल रनार यांनी १९०३ साली एक ‘रस्त्यावरची आगगाडी’ दाखवली. तिच्यात पुढच्या इंजिनाची ताकद दांड्यांमधून मागच्या प्रत्येक गाडीच्या चाकांपर्यंत जाई आणि मागच्या गाड्या पुढच्याच चाकोरीतून वळत. ओझे आहे तिथेच ताकद द्यायची, हा विचार पक्का होता. पण गुंतागुंतीमुळे ती यंत्रणा सर्वत्र रुजली नाही.

आपल्याकडे उपाय त्याहून सोपा आहे. राज्य सरकारने २०२१मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. तिचा लाभ हंगामाआधी उसाच्या बांधापर्यंत पोहोचला पाहिजे. मुरूम दाबून केलेली, पाण्याला चर दिलेली पाणंद चाकाची ओढ निम्म्याहून खाली आणते. जोडीला प्रत्येक ट्रॉलीला चालणारे ब्रेक आणि मागे चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात. आज खराब वाटेची सगळी किंमत चालकाच्या कसबावर आणि जिवावर भागवली जाते. उसाच्या दराइतकीच ही वाटही कारखान्यांच्या सभांमध्ये चर्चेला आली पाहिजे, कारण तो दर ज्या उसाला मिळतो, तो याच वाटेने काट्यावर येतो.