आकृती काढली, नावं दिली... पुढे काय?

पेशीचं पॉवरहाऊस कोण? पहाटे तीनला उठवून विचारलं तरी तुम्ही सांगाल, मायटोकॉन्ड्रिया. मराठी माध्यमातून आला असाल तर तंतुकणिका. आता दुसरा प्रश्न. हे वाक्य वाचताना तुम्ही जो श्वास घेतलात, त्यातल्या ऑक्सिजनचं पुढे नेमकं होतं काय?

इथे बहुतेक जण अडखळतात. 'त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो आपण बाहेर सोडतो,' हे हमखास येणारं उत्तर. पण ते बरोबर नाही. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन येतो आपण खाल्लेल्या अन्नातून. श्वासातला ऑक्सिजन रक्तातून पेशींमध्ये, तिथल्या तंतुकणिकांपर्यंत पोहोचतो. अन्नातून ऊर्जा काढायच्या अगदी शेवटच्या पायरीवर तो वापरला जातो आणि त्याचं पाणी होतं.

गंमत म्हणजे या साखळीतली एकेक कडी आपण शाळेत शिकलोय. श्वसनसंस्था एका धड्यात, रक्त दुसऱ्या, पेशी तिसऱ्या आणि आहार चौथ्या. प्रत्येक धड्याखाली रिकाम्या जागा भरा, फरक स्पष्ट करा, सुबक व नामनिर्देशित आकृती काढा. धडे पाठ झाले, पेन्सिलीची टोकं झिजली. एका धड्यातून दुसऱ्यात जायचा रस्ता मात्र कुणी दाखवलाच नाही. आणि बायोलॉजीची खरी मजा त्या रस्त्यावरच आहे.

पोहे, लिंबू आणि कटिंग

हाच रस्ता जरा पुढे चालून बघू. ऑक्सिजन रक्तातून वाहून नेतं हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिनच्या गाभ्यात असतं लोह. हे हिमोग्लोबिन ज्या तांबड्या पेशींत असतं, त्यांच्यात स्वतःच्या तंतुकणिका नसतातच. म्हणजे दिवसभर ऑक्सिजन पोहोचवायचा, पण स्वतः त्यातला घ्यायचा नाही. मुंबईचे डबेवाले जसे डबा इमानदारीत पोहोचवतात, उघडून खात नाहीत, अगदी तसंच.

लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी, मग ऑक्सिजनची ने-आण कमी आणि शेवटी ऊर्जा कमी. जिना चढताना धाप लागते, दुपारच्या लेक्चरला डोळे मिटतात आणि घरचे म्हणतात, 'आळशी झालीये नुसती.' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना अॅनिमिया आहे. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के. म्हणजे हा आपल्याच बाकांवरचा आकडा आहे.

आता कँटीनमध्ये या. पोह्यांत थोडंफार लोह असतं, पण वनस्पतींमधून मिळणारं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याला मदत होते 'क' जीवनसत्त्वाची, म्हणजे वर पिळलेल्या लिंबाची. आणि अडथळा येतो सोबतच्या कटिंगचा, कारण चहातली टॅनिन्स त्या लोहाला धरून ठेवतात. म्हणजे लिंबाने कमावलं ते चहाने घालवलं! चहा सोडायची गरज नाही, तासाभराने प्या. अर्थात लिंबू पिळून अॅनिमिया बरा होत नाही. सतत थकवा असेल, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, तर साधी रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवा. पण तो रिपोर्ट हातात आल्यावर त्यातला 'एचबी'चा आकडा काय सांगतोय, हे कळायला नववी-दहावीची बायोलॉजी पुरते.

उंबराचं फूल

बऱ्याच दिवसांनी कुणी भेटलं की आपण म्हणतो, 'उंबराचं फूल झालास अगदी!' का? कारण उंबराला फूल कुणी पाहिलेलंच नसतं. मग फुलाशिवाय फळ येतं कसं?

उत्तर त्या फळातच आहे. आपण ज्याला उंबर म्हणतो तो आतून पोकळ गोळा आहे आणि शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला असतात. जेमतेम काही मिलिमीटरची एक गांधीलमाशी टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात. ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले परागकण इतर फुलांवर पडतात आणि ती तिथेच मरते. तिची पिल्लं आत वाढतात. पंख नसलेले नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, बाहेर जायला बोगदा कोरतात. नव्या माद्या अंगावर पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. हातात असतात जेमतेम एक-दोन दिवस. वड आणि पिंपळ हे उंबराचेच भाऊबंद, आणि त्यांच्या माश्या वेगळ्या, ठरलेल्या.

उंबर फोडल्यावर 'ई, किडे!' म्हणून आपण जे फेकून देतो, ते हे. परागीभवनाची व्याख्या सगळ्यांना येते. पण ते आपल्या गल्लीतल्या झाडावर चालू आहे, हे वहीत कुठे लिहिलेलं असतं?

'हा धडा घरी वाचा'

प्रजननाचा धडा आला की वर्गात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. मागच्या बाकांवर खुसखुस, पुढच्या बाकांवर खाली माना आणि मग ते वाक्य, 'हा धडा घरी वाचा.' त्यातलाच एक प्रश्न परीक्षेला येतो. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र मिळतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय, त्यामुळे मुलगा की मुलगी हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं. आकृतीसह उत्तर, पूर्ण मार्क.

आणि मग कुठल्यातरी काकूला, वहिनीला दुसरीही मुलगीच होते. घरात सगळे तिच्याकडे बघत सुस्कारे सोडतात. त्या खोलीत पूर्ण मार्क मिळवणारे तीन-चार जण तरी असतात. बोलतं कुणीच नाही.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. कायद्याने सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवता येते, घरातल्या टोमण्यांवर नाही. तिथे कुणीतरी शांतपणे सांगावं लागतं, 'आजी, हे वहिनीच्या हातात नसतं.' आणि लगेच हेही, की दादाच्याही हातात नसतं. कुठलं गुणसूत्र पोहोचेल हा निव्वळ योगायोग. दोष द्यायला कुणी उरतच नाही, हेच तर ती आकृती सांगत असते.

बायो ठेवू की सोडू?

अकरावीला हा प्रश्न प्रत्येकाने ऐकलाय. 'डॉक्टर व्हायचं नाही ना? मग सोड.' ज्यांनी ठेवलं त्यांच्यासाठी ती 'नीट'च्या ७२० पैकी ३६० मार्कांची शर्यत झाली. ज्यांनी सोडलं, त्यांचं शरीर मात्र त्यांना सोडून गेलं नाही. कॉमर्सवाल्यालाही अँटिबायोटिकचा डोस कधी थांबवायचा हे ठरवावं लागतं आणि आर्ट्सवालीलाही फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा काढा तपासावा लागतो.

त्यामुळे जर्नल कधीच रद्दीत गेलं असलं तरी हरकत नाही. या आठवड्यात कॉलेजच्या आवारातलं एक झाड निवडा. पानगळ कधी, फुलं कधी, कोण येऊन बसतं, कोण खाऊन जातं, एवढंच वर्षभर बघा. आयनॅचरलिस्टसारख्या अॅपवर फोटो टाकलात तर ओळखायला जगभरातून मदत मिळते. आणि झाडाचं नाव हवं असेल तर आधी माळीकाकांना विचारा. बॉटनीच्या लॅबच्या आधी ते सांगतील.