लेकराला कुत्रं चावलं तर काय करावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तो उसाच्या फडापासून दूरचा नाही. हंगाम सुरू झाला की आपल्या देगलूरच्या शिवारात मुखेड-कंधारकडून, बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. पाण्याच्या सोयीने कोप्या पडतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात जातात आणि लहान लेकरं कोपीपाशी नाहीतर बांधावर राहतात. शिळ्या भाकरीच्या आशेने कुत्रीही तिथेच फिरतात. गावातल्या गल्लीत तरी वेगळे काय आहे? पोरगं हातात बिस्किटाचा पुडा घेऊन निघतं आणि मागून कुत्रं येतं.

समजा, असंच एक सहा वर्षांचं लेकरू रडत घरी आलं. पोटरीवर दोन दात उमटलेत, थोडं रक्त आलंय. घरात लगेच चार मतं निघतात. आजी म्हणते, "मिरचीपूड दाबा, विष उतरंल." चुलता काठी घेऊन कुत्र्यामागे धावतो. शेजारी म्हणतो, "काय होत नाही वो, आमचंच कुत्रं हाय, पिसाळलेलं नाही." आणि बाप म्हणतो, "आज गाडी भरायची हाय, उद्या बघू." यात कुणाचाच हेतू वाईट नाही. पण या चारांतून लेकराच्या उपयोगाचे एकही काम झाले नाही, आणि वेळ मात्र गेला. म्हणून कोणते काम आधी, कोणते नंतर आणि ते का, हे नीट समजून घेऊ.

पहिले काम : साबण आणि वाहते पाणी

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात. ते दातावाटे जखमेत उतरतात. तिथून ते रक्तात न पसरता शिरेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभरात, तर कधी वर्षानेही रोग दिसतो. मेंदूपर्यंत पोहोचून लक्षणे दिसू लागली, पाण्याची भीती वाटू लागली, की मग त्यावर खात्रीचा इलाज जगात कुठेही नाही. माणूस वाचत नाही असेच समजावे. पण त्याआधी योग्य उपचार पुरे झाले तर हा रोग टाळता येतो. हातात असलेला वेळ तो एवढाच.

या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते विरघळते. म्हणून जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. अंगाचा साबण नसेल तर कपड्याचा चालतो. नळ नसेल तर मोटारीचा पाइप धरा, नाहीतर तांब्याने पाणी ओतत राहा. पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजा, कारण रडणाऱ्या लेकरापुढे दोन मिनिटेही पंधरा वाटतात. त्यानंतर आयोडीनचे औषध असेल तर लावावे. मिरची, चुना, हळद, तंबाखू, तेल यांतले काहीही लावू नये. त्याने जखम चिघळते आणि विषाणू आत दाबला जातो. घट्ट पट्टी बांधू नये. टाके घालायची घाई करू नये.

दुसरे काम : त्याच दिवशी दवाखाना

जखम लहान म्हणून दुर्लक्ष करू नका. डॉक्टर जखमेचे तीन प्रकार मानतात. धड कातडीवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरते. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस हवी. रक्त आले असेल, किंवा फाटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर आणखी एक औषध लागते. त्याला आपल्याकडे सीरम म्हणतात. लस शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करायला शिकवते, पण त्याला काही दिवस लागतात. सीरममध्ये ती शक्ती तयारच असते. वजनाच्या मानाने ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. वरच्या उदाहरणातल्या लेकराला थोडे का होईना रक्त आले आहे, म्हणजे त्याला दोन्ही लागतील.

चेहरा, मान, डोके, हाताची बोटे या ठिकाणचा चावा जास्त धोक्याचा असतो, कारण तिथे मज्जातंतू दाट असतात आणि मेंदू जवळ असतो. मोठ्या माणसाच्या पायाला चावणारे कुत्रे लहान लेकराच्या तोंडाशी पोहोचते, हे ध्यानात ठेवा.

लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आपल्याला देगलूरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. "सीरम लागेल का? इथे आहे का? नसेल तर कुठे पाठवता?" हे तीन प्रश्न तिथे धीटपणे विचारा. नांदेडला वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले तर जायला मागेपुढे पाहू नका. सीरम पहिल्या दिवशीच मिळणे उत्तम. राहून गेलेच तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत मिळाले पाहिजे. म्हणून पहिला डोस इथेच घ्यावा आणि मग पुढे निघावे.

तिसरे काम : तारखा पाळणे

आमच्या मते खरी गफलत इथे होते. जखम आठवड्यात सुकते, लेकरू खेळू लागते आणि शेवटचा डोस राहून जातो. कातडीत टोचायची लस पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. म्हणजे पहिला डोस १ तारखेला झाला तर पुढचे ४, ८ आणि २९ तारखेला. दंडात खोल टोचायची असेल तर यात १५ तारखेचा आणखी एक डोस येतो. लहान मुलांना ती मांडीतही देतात, कुल्ल्यात मात्र देत नाहीत.

आता टोळीचा विचार करा. पहिला डोस देगलूरला झाला. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत टोळीने दोन फड उरकलेले असतात आणि कोप्या तिसऱ्याच गावी हललेल्या असतात. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, पण या लेकराची तारीख कुणाच्याही वहीत नसते. म्हणून आमचे सांगणे आहे की दवाखान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईपाशी द्यावा. ज्या सभासदाच्या फडात ही गोष्ट घडली त्याने तारखा मुकादमाच्या वहीत आणि स्वतःच्या कॅलेंडरवर लिहाव्यात. गाव बदलले तरी त्याच कागदावर पुढच्या सरकारी दवाखान्यात राहिलेले डोस मिळू शकतात. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, पण ती फार मोठी किंमत नव्हे.

चौदा इंजेक्शनांची भीती

जुन्या माणसांना "पोटात चौदा इंजेक्शने" आठवतात आणि त्या धास्तीने ती दवाखाना टाळतात. ही भीती खोटी नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीला तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस आपल्याकडे जवळजवळ शतकभर चालली. २००४ च्या अखेरीस तिचे उत्पादन आपल्या देशात थांबले. आजची लस दंडात टोचतात.

या सगळ्याची सुरुवातही एका लेकरापासूनच झाली. जुलै १८८५ मध्ये फ्रान्सजवळच्या अल्सास भागातल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पिसाळलेले कुत्रे अनेक ठिकाणी चावले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेली. चाव्यानंतर दोनच दिवसांनी, ६ जुलैला, पहिली लस टोचली आणि मुलगा वाचला. त्या माउलीने "उद्या बघू" म्हटले नाही.

कुत्र्याचे काय?

कुत्र्याला मारू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय मेलेले कुत्रे पुढे काही सांगत नाही. पाळलेले असेल तर बांधून दहा दिवस लक्ष ठेवावे. ते दहा दिवस ठणठणीत राहिले तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हते असे धरतात आणि पुढच्या डोसांचे डॉक्टर ठरवतात. पण त्या दहा दिवसांसाठी उपचार थांबवायचे नाहीत. लस आधी सुरू करायची.

मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही २०२३ च्या नियमांप्रमाणे ग्रामपंचायत आणि नगर परिषदेची जबाबदारी आहे. तक्रार तोंडी करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण गावाकडेला टाकणे बंद करणे मात्र आपल्याच हातात आहे. घरच्या कुत्र्याला दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात लस द्यावी.

शेवटी एक विनंती. पुष्कळ लेकरं मार बसेल म्हणून चावल्याचे लपवतात. आज रात्री जेवताना आपल्या मुला-नातवंडांना एवढेच सांगा : "कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं, तरी आम्हाला सांग. कुणी रागवणार नाही." आणि हाच शब्द फडातल्या कोपीपर्यंत पोहोचवा. आपला ऊस ज्यांच्या हातांनी कारखान्यात येतो, त्यांची लेकरंही हंगामभर आपल्याच जिम्मेदारीची आहेत.