पॉडकास्टचे आकडे आणि दुकानाचा गल्ला

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की आमचा छोटा धंदा, आमचा पॉडकास्टशी काय संबंध? तर तो दोन वाटांनी येतो. एक, कुणीतरी तुमच्याकडे येऊन म्हणतं, ‘आमच्या पॉडकास्टवर जाहिरात द्या, एका भागाला पाच हजार डाउनलोड आहेत.’ दुसरी वाट, तुम्ही स्वतःच पॉडकास्ट सुरू करता. सहली काढणारे, फिजिओथेरपिस्ट, करसल्लागार असे कितीतरी जण करतात. दोन्ही वेळा समोर आकड्यांचं एक पान येतं. त्या पानावरून पैसे कुठे घालायचे हे कसं ठरवायचं, एवढंच आज बघू.

आधी ‘डाउनलोड’ म्हणजे काय ते समजून घेऊ. आयएबी टेक लॅब या संस्थेचा नियम बरेच जण पाळतात. फाइलचा निदान एक मिनिटाचा भाग फोनवर उतरला, की एक डाउनलोड धरायचं. त्याच इंटरनेट पत्त्यावरून, त्याच प्रकारच्या फोन-अ‍ॅपवरून चोवीस तासांत पुन्हा मागणी आली तर ती मोजायची नाही. म्हणजे मोजलं जातं ते फाइल पोचणं. माणसाने ती ऐकली का, हे त्यात येतच नाही. उलटही होतं. घरातल्या एकाच वायफायवर नवरा-बायकोने सारख्याच फोनवर तोच भाग ऐकला, तर दोघं मिळून एक धरले जाऊ शकतात.

याचा मोठा धडा सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाला. अ‍ॅपलने आयफोनसाठी आयओएस १७ आणली. त्याआधी एखादा श्रोता बरेच दिवस ऐकायचा थांबला आणि परत आला, की राहिलेले सगळे भाग आपोआप फोनवर उतरायचे. नव्या आवृत्तीत ते बंद झालं. ज्यांचे जुने भाग भरपूर होते आणि जे रोज नवा भाग काढत होते, त्यांचे डाउनलोड जास्त घसरले. ऐकणारी माणसं मात्र तीच होती. फक्त डाउनलोड बघून कुणी त्या महिन्यात जाहिरात बंद केली असेल, तर त्याने चुकीच्या आकड्यावर निर्णय घेतला.

म्हणून डाउनलोडच्या खालच्या ओळी वाचा. अ‍ॅपलच्या पानावर ‘गुंतलेले श्रोते’ अशा अर्थाची एक ओळ असते. एका बैठकीत निदान वीस मिनिटं किंवा भागाचा चाळीस टक्के हिस्सा ज्यावर ऐकला गेला, अशी उपकरणं त्यात मोजतात. हा आकडा डाउनलोडपेक्षा कितीतरी उपयोगाचा.

आता हिशोब करू. समजा, मुलुंडला तुमचं फराळाचं दुकान आहे. दिवाळीआधीच्या जाहिरातीचे दहा हजार रुपये मागितलेत. एका ऑर्डरमागे तुमच्या हातात दोनशे रुपये सुटतात. म्हणजे खर्च भरून निघायलाच पन्नास नव्या ऑर्डरी हव्यात. हा पन्नासचा आकडा आधी कागदावर लिहा, मगच पॉडकास्टचं पान उघडा.

पानावर पाच हजार डाउनलोड. त्यातले मुंबईचे वीस टक्के, म्हणजे हजार. त्यातले नीट ऐकणारे साठ टक्के धरू, म्हणजे सहाशे. पण मुंबई म्हणजे कुलाब्यापासून दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गाव ओळखलं जातं ते इंटरनेटच्या पत्त्यावरून, आणि मोबाइल डेटावर तो पत्ता अंधेरी आणि मुलुंड यांतला फरक खात्रीने सांगत नाही. अंधेरीचा माणूस चकलीसाठी दोन गाड्या बदलून मुलुंडला येणार नाही. (हशा) उदारपणे दहातला एक तुमच्या भागातला धरा. राहिले साठ. साठातल्या पन्नासांनी खरेदी केली, तर तुम्ही ना नफा ना तोटा! पाच हजारांचं काय झालं बघा.

पण हेच दुकान कुरियरने परदेशात फराळ पाठवत असेल तर? मग त्याच पानावरची ‘अमेरिका’ ही ओळ तुमच्या कामाची ठरते. आकडे तेच, धंदा वेगळा, म्हणून निर्णय वेगळा.

आता स्वतःच्या पॉडकास्टबद्दल. समजा, बोरिवलीहून तुम्ही सहली काढता. कोकणावरचा भाग दोन वर्षं जुना, काशीवरचा दोन महिन्यांचा. एकूण ऐकणाऱ्यांची तुलना केली तर जुना जिंकणारच. म्हणून प्रत्येक भागाचे पहिल्या तीस दिवसांचे आकडे शेजारी ठेवा. मग लोक कोणत्या मिनिटाला सोडून जातात तो आलेख बघा. काशीचा भाग कमी जणांनी लावला, पण बहुतेकांनी शेवटपर्यंत ऐकला, तर तिथे काहीतरी आहे. तरी लगेच बस बुक करू नका. पाहुणाच गोड बोलणारा असेल! पुढच्या भागात एक तारीख सांगा, थोडी आगाऊ रक्कम मागा, आणि किती जण भरतात ते बघा.

शेवटचं मोजमाप गल्ल्यावरच होतं. जाहिरातीत एक वेगळा शब्द द्या, ‘हा शब्द सांगा, सवलत घ्या’. आणि वहीत दोन रकाने करा, नवं गिऱ्हाईक आणि जुनं. जुनं गिऱ्हाईक तो शब्द सांगून सवलत घेऊन जातं, पण ते एरवीही आलं असतं. काही नवे तो शब्द विसरतात, म्हणून ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हेही प्रत्येकाला विचारा.

श्रोत्यांतून प्रश्न: माझ्या पॉडकास्टला चाळीसच जण ऐकतात. त्यातून काय कळणार?

उत्तर: टक्केवारी काढू नका. दोन जण गेले की पाच टक्के घट दिसते, आणि आपण उगाच घाबरतो. पण चाळीस माणसं म्हणजे भरलेलं दुकान आहे हो. त्यांच्याकडून आलेला प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट विचारली, तर ती गोष्ट आपण विकतो का, हे त्याच दिवशी बघा.