पंख्यांचे फेरे: नजरबादमधला एक दिवस

पहाटे साडेपाच. रात्रभर बंद ठेवलेला चाचणीचा संगणक याच वेळी सुरू करायचा, हा माझा नियम. मदरबोर्डवरचे तापमापक ओळखायला दिवसातली ही पहिली दोन-तीन मिनिटं सोन्याची. बोर्ड पूर्ण निवलेला असतो, त्यामुळे जो संवेदक खरा आहे त्याने खोलीच्या तापमानाच्या आसपासचाच आकडा दाखवायला हवा. भिंतीवरच्या साध्या तापमापकात २५ अंश आहेत. लिनक्सचा कर्नल तापमान अंशाच्या हजाराव्या भागात देतो, म्हणून पडद्यावर २६०००, २५५००, २७००० अशी रांग येते. त्याच रांगेत एक १२७००० आणि एक उणे ६२०००. शेवटच्या दोन पिनांना बोर्डावर काहीच जोडलेलं नाही, हे आत्ता स्पष्ट दिसतं. तासाभराने बोर्ड तापला की इतकी सरळ निवड करता येत नाही. आकडे नोंदवून मी कारंजी तलावाच्या बाजूला फिरायला जातो. हवा शांत असेल तर प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाची डरकाळी घरापर्यंत पोचते.

मी मूळचा बेळगावचा, आता म्हैसूरकर, नजरबाद भागातला. काम लिनक्स कर्नलच्या ‘एचडब्ल्यूमॉन’ विभागासाठी ड्रायव्हर लिहिण्याचं. जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉप मदरबोर्डवर ‘सुपर आय-ओ’ नावाची एक चिप असते. पूर्वी फ्लॉपी, कीबोर्ड, प्रिंटर असली किरकोळ कामं तिच्याकडे असत. आता तिचं मुख्य काम तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचे फेरे मोजणं, आणि पंखे चालवणं. हे आकडे लिनक्समध्ये वाचण्यासाठीचा ‘एलएम-सेन्सर्स’ प्रकल्प फ्रोडो लोइयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक यांनी १९९८ साली सुरू केला. आज नुव्होटॉनच्या चिपांसाठी ‘एनसीटी६७७५’ आणि आयटीईच्या चिपांसाठी ‘आयटी८७’ हे ड्रायव्हर बहुतेकांच्या उपयोगी पडतात. अडचण येते ती नव्या चिपची, जिची माहितीपुस्तिका बनवणारे देत नाहीत. सध्या माझ्या टेबलावर तशीच एक आहे.

साडेसात. नजरबाद मुख्य रस्त्यावरच्या मैलारीत लोण्याचा मऊ डोसा. रविवारी इथे फार थांबावं लागतं, आज नाही.

नऊ. पंख्यांचे फेरे. पंखा एका फेऱ्यात दोन स्पंद पाठवतो. चिप ते स्पंद मोजत नाही. दोन स्पंदांना, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला, लागणाऱ्या वेळात तिच्या २२.५ किलोहर्ट्झच्या घड्याळाचे ठोके किती पडले ते मोजते. म्हणून फेरे काढायला १३,५०,००० ला त्या मोजणीने भागायचं. हा आकडा माहीत असला की अनोळखी रजिस्टरही ओळखू येतं: पंखा मिनिटाला ९०० फेरे घेत असेल, तर कुठेतरी १५०० च्या जवळपासची संख्या सापडलीच पाहिजे. जुन्या चिपांत मोजणीला आठच बिट असत. तिथे घड्याळाचा भाजक ८ ठेवला तरी साधारण ६६४ च्या खालचे फेरे मोजता येत नसत, आणि हळू फिरणारा पंखा बंद पडल्यासारखा दिसे. या चिपमध्ये सोळा बिट आहेत. पंखा हाताने अडवतो, सोडतो, संख्या कुठे हलते ते पाहतो. वरचा आणि खालचा बाइट कुठल्या रजिस्टरात आहेत ते दुपारच्या आत पक्कं होतं. आजचं खरं काम हेच होतं.

व्होल्टेजचं तसं नाही. १२ व्होल्टची तार चिपपर्यंत थेट जात नाही, मध्ये दोन रोधक असतात, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक बोर्डाचा आराखडा करणारा ठरवतो. म्हणून ड्रायव्हरने पिनवर जे आहे तेच मिलिव्होल्टमध्ये सांगायचं; गुणाकार वापरणाऱ्याच्या संरचना-फाइलीत. अंदाजाने गुणून छान दिसणारा १२.०४ दाखवण्याचा मोह होतो. तो आवरलाच पाहिजे, कारण तो आकडा पाहून कुणीतरी चांगला पॉवर सप्लाय फेकून देईल किंवा बिघडलेला वापरत राहील.

साडेअकरा. या कामातला सर्वांत अवघड भाग. नुव्होटॉनच्या चिपांत रजिस्टरं पानांमध्ये विभागलेली असतात. आधी कुठलं पान ते लिहायचं, मग त्या पानावरचं रजिस्टर वाचायचं. या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्या कुणी पान उलटलं तर? ड्रायव्हरच्या आतलं भांडण म्यूटेक्स नावाचं कुलूप लावून मिटतं. पण बोर्डाचं फर्मवेअरही एसीपीआयच्या मार्गाने त्याच चिपशी बोलत असतं, आणि त्याला आपलं कुलूप दिसत नाही. वाचताना गफलत झाली तर एक चुकीचा आकडा येतो. लिहिताना झाली तर पंख्याची किंमत भलत्याच रजिस्टरात जाऊन बसते. म्हणून फर्मवेअरने तो पत्ता आपला म्हणून सांगितला असेल, तर कर्नल ड्रायव्हरला तिथे शिरू देत नाही. ही अडवणूक सैल करण्याचा पर्याय बूट करताना देता येतो, आणि इंटरनेटवर तो सर्रास सुचवला जातो. मला तो सल्ला धोक्याचा वाटतो. आसूसच्या अनेक बोर्डांसाठी २०२२ मध्ये, ५.१७ कर्नलपासून, नीट मार्ग निघाला: एनसीटी६७७५ ड्रायव्हर फर्मवेअरच्याच डब्ल्यूएमआय पद्धतीतून चिपशी बोलतो. वाट लांबची आहे, वाचन मंद होतं, पण दोघांची टक्कर टळते.

न ओळखता लिहिण्याचे परिणाम या क्षेत्राने सुरुवातीच्या वर्षांतच पाहिले आहेत. चिपांना जोडणाऱ्या बसवर कुठल्या चिपा आहेत हे शोधताना पाठवलेल्या अगदी साध्या आज्ञांनी आयबीएमच्या काही थिंकपॅडमधली ईईप्रॉम बिघडली, आणि ते लॅपटॉप पुन्हा सुरूच होईनात. तेव्हापासून शोधणारा प्रोग्राम आधी यंत्र ओळखतो, मगच हात लावतो. ड्रायव्हर लिहायला घेणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी ही हकीकत आधी सांगतो.

दीड. जेवण. आमटी-भात, शेवग्याच्या शेंगा.

तीन. पंखे चालवणं. चार तारांच्या पंख्याला २५ किलोहर्ट्झचा संकेत जातो, ० ते २५५ अशी किंमत लिहिली की वेग बदलतो. ० लिहिल्यावर काही पंखे थांबतात, काही मंद फिरत राहतात. थांबलेला पंखा पुन्हा सुरू व्हायला, फिरता ठेवायला लागते त्याहून मोठी किंमत लागते. दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. मला स्वतःला हाताने वेग ठरवण्यापेक्षा चिपमध्येच तापमानाचे टप्पे भरून तिला सांभाळू देणं पसंत आहे. वेग ठरवणारा प्रोग्राम मध्येच मेला, तर पंखा शेवटच्या किमतीवर अडकून राहतो. प्रोसेसर फार तापला तर स्वतःचा वेग कमी करतो, शेवटी बंदही होतो. हार्डडिस्क आणि प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचे घटक यांना तशी खात्री नाही.

साडेपाच. नागपूरहून मावसभावाचा फोन. त्याच्याकडे हाच बोर्ड आहे. म्हैसूरच्या हवेत जो पंखा दिवसभर डुलक्या काढतो त्याची परीक्षा नागपूरच्या एप्रिलमध्येच होते.

“दादा, खोलीत चाळीसच्या वर आहे. कूलर बंद करू?”

“अर्धा तास कर. पण आधी डब्याच्या मागच्या पंख्याची पिन काढ. कुठला आकडा शून्य झाला?”

“तिसरा.”

“बोर्डावर काय छापलंय?”

“चेसिस दोन.”

म्हणजे बोर्डावर दोन आणि चिपला तीन. माझ्याकडेही तसंच आलं होतं, आता खात्री झाली.

“पिन परत लाव,” मी म्हटलं, “आणि कूलर सुरू कर रे बाबा.”

रात्री आठ. पॅचचं, म्हणजे कर्नलला पाठवायच्या बदलाचं, वर्णन लिहिण्याची वेळ. काय बदललं हे कोड सांगतोच. का बदललं, कुठल्या बोर्डावर तपासलं, कुठला आकडा कशावरून ठरवला, हे आपण लिहायचं. चेकपॅच हा तपासणीचा प्रोग्राम चालवतो, खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि नाव. या विभागाची देखभाल अनेक वर्षं गुंटर रोएक करतात, आणि एकेक ओळ वाचतात. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो. तिथे एकदा शिरलं की नागपूरच्या मावसभावाला काही उतरवून घ्यावं लागत नाही, संगणक सुरू केला की आकडे समोर. याच्यासाठी कितीही वेळा दुरुस्त करून पाठवायची माझी तयारी असते.

आजच्या पॅचमध्ये सहा तापमानं, पाच पंख्यांचे फेरे आणि पिनांवरची व्होल्टेज आहेत, सगळं फक्त वाचायला. जोडणी नसलेल्या दोन पिना ड्रायव्हर दाखवतच नाही. पंख्यांना लिहिण्याची सोय मी वेगळी काढली आहे. संगणक झोपेतून उठल्यावर फर्मवेअर त्या किमती पुसून टाकतं का, हे दोन्ही बोर्डांवर तपासून झाल्यावरच ती पाठवेन.