लगद्यातून उभा करू सह्याद्री

शाळेतून ‘प्रकल्प करून आणा’ असा निरोप आला की पोरांआधी आयांच्या पोटात गोळा येतो. मग तालुक्याच्या दुकानातून थर्माकोलची तयार प्रतिकृती येते, मजुरीचा एक दिवस त्यात जातो, आणि बाईंनी शाळेत विचारलं की, “हा डोंगर कुठला?” तर पोरगी गप्प. म्हणून आज रद्दीच्या लगद्याविषयी बोलू. शाळेत त्याला पेपर मॅशे म्हणतात, पण आपल्याला तो नवा नाही. आपल्या आज्या कागद भिजवून, मेथ्या वाटून घालून टोपल्या लिंपायच्याच की!

उदाहरणाला महाराष्ट्राची प्राकृतिक रचना घेऊ. भूगोलात ती असतेच.

आधी मोजमाप, आणि ते पोरांनाच करू द्या. आपलं राज्य पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर. एक सेंटीमीटर म्हणजे २० किलोमीटर धरलं तर ४० सेंटीमीटरची फळी लागते. कोकणपट्टी साधारण ५० किलोमीटर रुंद, म्हणजे फळीवर जेमतेम अडीच सेंटीमीटर. उत्तरेला थोडी जास्त ठेवा. आता गंमत बघा. कळसूबाई आपलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. याच मापाने ते एक मिलीमीटरसुद्धा भरत नाही! म्हणून उंची वाढवावी लागते. शिखर चार सेंटीमीटर केलं तर उंची जवळजवळ ५० पट वाढली. ‘उंची ५० पट वाढवून दाखवली आहे’ अशी चिठ्ठी प्रतिकृतीवर चिकटवायला सांगा. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हीच ओळ मोलाची, कारण ती दुकानात मिळत नाही.

लगद्यासाठी वर्तमानपत्र कात्रीने कापू नका, हाताने बारीक फाडा. फाटलेल्या कडा लवकर भिजतात. रात्रभर पाण्यात ठेवा, घाई असेल तर उकळा. मग पाट्यावर वाटा किंवा भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थोडं थोडं फिरवा. फडक्यात बांधून पिळा, पण अगदी कोरडं करू नका. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात शिजवून खळ करा, गार झाल्यावर लगद्यात मळा. चमचाभर मेथीची पूड घातली तर चिकटपणा येतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे. ती मात्र नको. मोरचूद विषारी, आणि लगदा पोरं हातानेच मळणार.

सगळा डोंगर लगद्याचा भरीव करू नका. आतून ओला राहतो, वास येतो, बुरशी धरते. कोरड्या कागदाचे बोळे चिकटपट्टीने फळीवर बसवून डोंगररांग उभी करा आणि वरून अर्धा सेंटीमीटर लगदा थापा. कोकणाच्या बाजूला कडा सरळ उभा, देशाच्या बाजूला उतार लांबलचक. हा फरक बोटांनी केला की पाठ करावा लागत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे आपल्या फळीवर चार बोटांच्या आत. तरी ती पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराला जाते. का, ते उतारावर बोट फिरवलं की कळतं. नद्यांना निळी लोकर चिकटवा.

वाळवणं हेच खरं काम. पहिला दिवस सावलीत, मग उन्हात. एकदम कडक ऊन लागलं तर तडे जातात. पावसाळ्यात चुलीच्या उबेला ठेवा, पण जाळापासून लांब. वाळलं का, हे बघायला गालाला लावा. गार लागलं तर आत ओल आहे. तडा गेलाच तर त्यात पातळ लगदा भरा, पुन्हा वाळवा. वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा हात द्या, मग डोंगराला गेरू, कोकणाला हिरवा.

एवढ्याला पाच-सहा दिवस लागतात. सोमवारी द्यायचं असेल आणि शनिवारी आठवण झाली, तर लगदा करू नका. त्याच मापाने जाड पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवा. तेही चालतं, फक्त चिठ्ठी विसरू नका.